मंचावरचा पुढारी, बंद दारामागचा पुढारी

(तालुका शिबिरात तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेलं भाषण. गावच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



राब भाजून झाले, पाऊस तोंडावर आला, घर शाकारायचं राहिलंय. तरी तुम्ही लांबलांबच्या पाड्यांवरून चालत आलात. म्हणून आम्ही भाषण लांबवणार नाही. आम्हाला विषय दिलाय, ‘पुढारी कसा ओळखावा’. आम्ही पोरं बारावीपर्यंत शिकलेली, मोठं शास्त्र आम्हाला येत नाही. पण गेली काही वर्षं तुमच्या प्लॉटची कागदं घेऊन आम्ही ऑफिसा-ऑफिसात फिरतो, पुढाऱ्यांच्या ओसरीवर बसतो, त्यांची भाषणं ऐकतो. तिथे जे बघितलं आणि त्यावर आम्ही आपसात जो विचार केला, तो सांगतो.

पहिलं, या विषयाची आज गरज काय? तर आपली जमीन. १९७८ साली सरकारने ठरवलं की १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळात फॉरेस्टच्या जागेवर जे कसत होते त्यांची जागा नियमित करायची. मग १९८० साली दिल्लीचा वनसंवर्धन कायदा आला. आता दिल्लीच्या परवानगीशिवाय फॉरेस्टची जागा देता येत नाही, असं साहेब लोक सांगू लागले. या दोन कागदांच्या मध्ये आपण अडकलो. आजा गेला, बाप म्हातारा झाला, आपण कसतोच आहोत आणि नाव मात्र ‘अतिक्रमणदार’. अशा अडकलेल्या माणसाला कोणीतरी येऊन म्हणतो, “मी तुमचं काम करून देतो, माझ्यावर सोडा.” आणि आपण सोडतो. म्हणून तो माणूस कोण आहे, हे ओळखणं ही आपल्यासाठी पोटाची गोष्ट आहे.

आता एका पुढाऱ्याचं सांगतो. नाव घेत नाही. नाव घेतलं की तुम्ही त्याचा पक्ष धराल आणि म्हणाल, हा त्या पक्षाचा म्हणून असा. असे पुढारी सगळ्या पक्षांत आहेत.

हा पुढारी आमच्या भागात सभेला आला. गाडीतून उतरला आणि सरळ तारपावाल्याकडे गेला. फेर धरला, पायात पाय घालून नाचला. लोक खूश. मग जमिनीवर मांडी घालून पानावर नागलीची भाकर खाल्ली. फोटोवाला बरोबर होताच. भाषणात म्हणाला, “मी तुमचा पोर आहे. जंगल तुमचं, जमीन तुमची. एकही प्लॉट जाऊ देणार नाही.” बाया टाळ्या वाजवत होत्या. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पेपरात फोटो छापून आला, तो आमच्या पाड्यावर एकाने कुडाला चिकटवला.

त्याच रात्री तो रेस्टहाऊसवर उतरला. तिथे पाणी भरायला, भांडी घासायला आमच्यातलाच एक पोरगा होता. मोठ्या माणसांना असं वाटतं की भांडी घासणाऱ्या पोराला कान नसतात. लाकडाचा ठेकेदार आला, फॉरेस्टचे साहेब आले, दार लागलं. आत बोलणं झालं की अमुक पाड्याचे लोक कूपच्या वाटेत येतात, त्यांची नावं यादीत नको. पुढाऱ्याने विचारलं, “त्यांच्याकडे कागद काय आहेत?” साहेब म्हणाला, “दंडाच्या पावत्या आहेत.” तेव्हा पुढारी बोलला, “त्या मागवून घेऊ आपण.” पंधरा दिवसांनी त्याचा माणूस पाड्यावर आला. म्हणाला, “पुढाऱ्याने पावत्या मागितल्यात, मंत्रालयात दाखवायच्या आहेत.” म्हाताऱ्यांनी पोलक्यातून, टोपलीच्या तळातून, बांबूच्या नळीतून जपून ठेवलेल्या पावत्या काढून दिल्या. ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याने पहिल्यांदा दिली. यादी लागली तेव्हा त्यात त्या पाड्याचं नाव नव्हतं. पावत्या परत आल्या नाहीत. कुडाला मात्र फोटो तसाच होता.

हा पुढारी मंचावर खोटं नाचला का? आम्ही यावर आपसात पुष्कळ बोललो. काही जण म्हणाले, सगळं सोंग. पण तारपावाला म्हणाला, “नाय रे, त्याचा पाय बरोबर पडत होता. ज्याला नाच माहीत नाय त्याचा पाय असा नाय पडत.” म्हणजे नाच खरा, भाकर खरी, कदाचित त्या घडीला बोलला तेही त्याच्या मनात खरं असेल. आणि रात्री बंद दारामागे जे ठरवलं तेही खरंच. एकाच माणसाचा एकच दिवस. सकाळी सगळा गाव बघत होता. रात्री कोणी बघत नव्हतं. आम्हाला वाटतं, सगळं या फरकात आहे.

आता कोणी म्हणेल, माणसाच्या खाजगी गोष्टीत आपण कशाला डोकवायचं? हा प्रश्न बरोबर आहे. गावात पुढाऱ्याविषयी बोलणं निघालं की कशावर बोलतात? तो ताडी पितो की इंग्लिश पितो, त्याच्या बायका किती, तो कोणत्या देवाला जातो. आम्ही म्हणतो, यातलं पुष्कळसं त्याचं त्याच्यापाशी. एखादा माणूस संध्याकाळी ताडी पिऊन तुमची पावती सांभाळून ठेवील, आणि एखादा गळ्यात माळ घालणारा ती विकून खाईल. गळ्यातली माळ बघून माणूस कळत नाही.

पण मागच्या बैठकीत बायांनी आम्हाला अडवलं. एक बाय म्हणाली, “म्हणजे तो घरी बाईला मारतो तेपण त्याचं त्याच्यापाशी का?” बैठक गप्प झाली. मग ती म्हणाली, “मंचावर आम्हाला बहिणी म्हणतो, घरी बाईचा हात मोडतो. घरात ती एकटी आहे म्हणून मोडतो. उद्या ऑफिसात मी एकटी गेले तर माझं काय करील?” त्या दिवशी या बाईने आम्हाला माप दिलं. पुढाऱ्याची कोणती खाजगी गोष्ट आपली आहे? जिथे त्याच्यासमोर त्याच्यापेक्षा कमजोर माणूस एकटा उभा आहे, ती. घरात बायको, शेतावर मजूर, गाडीवर ड्रायव्हर, रेस्टहाऊसवर भांडी घासणारा पोर, ऑफिसच्या दाराबाहेर पावती घेऊन उभा असलेला म्हातारा. तिथे तो कसा वागतो ते बघायचं, कारण उद्या आपणही त्याच्यासमोर तसेच एकटे उभे राहणार आहोत. बाकी सगळं चावडीवरचं बोलणं.

आता दुसरी गोष्ट सांगतो, ती जास्त दुखणारी आहे. आपण म्हणतो, बाहेरचा पुढारी फसवतो, आपला आदिवासी पुढारी असता तर असं झालं नसतं. जो लढला, ज्याने मार खाल्ला, तो कसा बदलेल? म्हणून आपल्याला झारखंडकडे बघावं लागेल. बिहारच्या दक्षिणेला झारखंडचा मुलूख आहे. तिथे संथाळ, मुंडा, उरांव, हो हे आदिवासी राहतात. आपल्यासारखेच जंगलाचे लोक, आणि आपल्यासारखीच त्यांची जमीन महाजनांनी, म्हणजे सावकारांनी, अंगठे घेऊन गिळली.

तिथले शिबू सोरेन. १९५७ साली त्यांच्या बापाचा खून झाला. बाप शाळेत शिकवायचा, महाजनांविरुद्ध बोलायचा. शिबू तेव्हा शाळकरी पोर होते. मोठे झाल्यावर सत्तरच्या सुमाराला त्यांनी धनबादजवळ टुंडीच्या भागात धानकटनी सुरू केली. धानकटनी म्हणजे महाजनाने हडपलेल्या जमिनीवरचं उभं भात आपणच कापून आणायचं. बाया विळे घेऊन भात कापायच्या आणि पुरुष धनुष्यबाण घेऊन शेताच्या कडेला पहारा द्यायचे. रात्रीच्या शाळा चालवल्या, दारू बंद करायला लावली. झारखंड मुक्ती मोर्चा नावाची संघटना उभी राहिली. लोक त्यांना गुरुजी म्हणायला लागले, दिशोम गुरू, म्हणजे देशाचा गुरू. हे सगळं खरं आहे. हे कोणी पुसू शकत नाही आणि आम्हाला पुसायचंही नाही. आपल्या पोरांना ही गोष्ट शिकवली पाहिजे.

१९८० साली ते दुमक्यातून खासदार झाले. पुढे त्यांच्या पक्षाचे आणखी खासदार निवडून आले. मग आलं १९९३. दिल्लीत नरसिंह राव यांचं सरकार होतं, त्याच्यापाशी पुरेसे खासदार नव्हते. २८ जुलै १९९३ ला लोकसभेत अविश्वासाचा ठराव मतदानाला आला. ठरावाच्या बाजूने २५१ मतं, विरुद्ध २६५. चौदा मतांनी सरकार वाचलं. झारखंड मुक्ती मोर्चाच्या चार खासदारांनी सरकार वाचवायला मत दिलं. पुढे १९९६ मध्ये तक्रार झाली, सीबीआयने तपास केला आणि आरोप ठेवला की या मतांसाठी पैसे दिले गेले आणि घेतले गेले, दिल्लीच्या बँकेत भरले गेले. चारांतले एक, शैलेंद्र महतो, माफीचे साक्षीदार झाले आणि पैसे घेतल्याचं त्यांनी सांगितलं.

१९९८ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. पाच न्यायमूर्ती होते. तेव्हा तिघांनी सांगितलं की घटनेच्या १०५ व्या कलमाप्रमाणे खासदाराने सभागृहात जे मत दिलं त्यावरून त्याला कोर्टात खेचता येत नाही. म्हणून ज्यांच्यावर पैसे घेऊन मत दिल्याचा आरोप होता त्यांच्यावर खटला चालणार नाही, असं तेव्हा ठरलं. ज्यांनी पैसे दिले असा आरोप होता त्यांच्यावर चालेल, असंही ठरलं. दोघा न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं, पण तिघांचं चाललं. म्हणजे शिबू सोरेन यांच्यावरचा आरोप कोर्टात सिद्ध झाला असं आम्ही म्हणत नाही. तो तिथे तपासलाच गेला नाही. टुंडीच्या ज्या बाईने विळा घेऊन भात कापलं, तिला खरं काय ते कोर्टाने सांगितलं नाही. आम्हाला याचं जास्त दुःख आहे.

हा निकाल आम्ही पेपरात वाचून पाड्यावर सांगितला. एक आजी बराच वेळ ऐकत होती. ती म्हणाली, “मी चुलीसाठी मोळी आणली तर गार्ड कोयता काढून घेतो, केस करतो. त्याह्यांनी सरकार विकलं घेतलं तर केस नाय?” आम्हाला उत्तर देता आलं नाही. तुमच्यापैकी कोणाला देता आलं तर सांगा.

आता नीट बघा. टुंडीच्या शेतात तोच माणूस होता, दिल्लीतही तोच. टुंडीत भात कापताना चारी बाजूंनी लोक होते. काय ठरलं, किती भात आलं, कोणाच्या घरी किती गेलं, हे पोराटोरांना माहीत होतं. तिथे लपवायचं म्हटलं तरी लपवता आलं नसतं. दिल्लीत टुंडीचं कोण होतं? कोणी नाही. दार बंद झालं की आत खासदार, मंत्री आणि दलाल. आपण माणसाला एवढ्या लांब पाठवतो, मागे कोणी पाठवत नाही आणि म्हणतो, “गुरुजी आहेत, बघून घेतील.” आरोप खरा असो की खोटा, लोकांना विचारल्याशिवाय त्यांच्या नावावर मत दिलं गेलं, एवढं तर उघडच आहे.

आपल्या राज्यातलंही एक ऐका, म्हणजे झारखंडला नावं ठेवून आपण मोकळे होणार नाही. आपल्या पाड्यावरच्या विधवांना, अपंगांना निराधार योजनेचे पैसे मिळतात. अंतुले मुख्यमंत्री असताना ही योजना सुरू झाली. गरिबांचा वाली म्हणून तेव्हा त्यांचं मोठं नाव झालं, आणि पैसे खरंच मिळाले, आजही मिळतात. त्याच काळात सिमेंटची टंचाई होती, सिमेंट सरकारच्या परवानगीने मिळायचं. बिल्डरांना सिमेंट आणि मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टला बिल्डरांची देणगी, असा व्यवहार चालल्याचं पेपरात आलं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई हायकोर्टाने देणगी आणि सिमेंट यांचा संबंध आहे असं म्हटलं, आणि त्यांना खुर्ची सोडावी लागली. बघा, म्हातारीचे पैसेही खरे आणि सिमेंटची गोष्टही. निराधारचे पैसे उघड होते, पोस्टमन सगळ्यांसमोर द्यायचा. सिमेंटचं बोलणं आत चाललं होतं.

मग आपल्यातले काही जण म्हणतात, “सगळे चोर. आपल्याला काय, जो साडी देईल त्याला मत.” हे बोलणं आम्हाला फार धोक्याचं वाटतं. सगळे चोर म्हटलं की खरा चोर सुटला. त्याला हेच हवं असतं. सगळे सारखे नसतात. एकच माणूससुद्धा सगळीकडे सारखा नसतो. म्हणून डोळे उघडे ठेवायचे.

दुसरे म्हणतात, “पण त्याने माझ्या पोराला आश्रमशाळेत घातलं. खावटी मिळवून दिली. त्याला कसं विचारू?” दादा, आश्रमशाळा सरकारची आहे, पोरगा तुझा आहे, जागा त्याच्या हक्काची आहे. खावटी तर तेव्हा कर्ज होतं, ते तुझ्या डोक्यावर होतं. पुढाऱ्याने काय केलं? तुझ्या हक्काच्या कागदावर आपला फोटो चिकटवला. त्याने चिठ्ठी दिली त्याबद्दल ‘बरं झालं’ म्हण. पण त्या चिठ्ठीच्या बदल्यात तोंड बांधून घेऊ नको.

आणि ही त्याची जी प्रतिमा आहे ना, पोस्टरवरची, पेपरातली, ती बनवतो कोण? विचार करा. तारपा कोणाचा? आपला. नाचणाऱ्या बाया कोणाच्या? आपल्या. भाकर कोणाच्या घरची? आपली. टेम्पो भरून सभेला जाऊन बसतो कोण? आपण. आपण दिवसाची मजुरी बुडवून त्याला मोठा करतो आणि मग तोच मोठेपणा बघून घाबरतो. आम्ही म्हणत नाही की सभेला जाऊ नका. जा. पण नाच आपल्या सणाला नाचा, वाघबारशीला नाचा, पुढाऱ्याच्या स्वागताला नाही. त्याला काम असेल तर त्याने आपल्या गावसभेत येऊन जमिनीवर बसावं आणि विचारलेल्याला उत्तर द्यावं.

आपल्याकडे याची जुनी रीत आहे. १९४५ साली झरी गावी वारली लोक जमले आणि सावकाराच्या शेतावर वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. गोदावरी परुळेकर तिथे होत्या. पण वेठ बंद झाली ती एका बाईच्या नावामुळे नाही. हजारो लोकांनी एकमेकांसमोर उघड ठरवलं, त्यामुळे झाली. उघड ठरवलं की कोणा एकाला रात्री बोलावून विकत घेता येत नाही. तो विकला गेला तरी बाकीचे असतात.

आता कायदासुद्धा थोडा आपल्या बाजूला आलाय. डिसेंबर १९९६ मध्ये दिल्लीत पेसा कायदा झाला, आणि पुढच्या वर्षी आपल्या राज्यानेही ग्रामपंचायतीच्या कायद्यात बदल केला. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभा मोठी. गरिबांच्या योजनेत कोणाचं नाव घालायचं ते ग्रामसभेने ठरवायचं. पैसा बरोबर खर्च झाला की नाही याचा दाखला ग्रामसभेने द्यायचा. हे कागदावर आहे, जमिनीवर अजून उतरलेलं नाही. कितीतरी गावांत ग्रामसेवक घरोघर वही फिरवून सह्या-अंगठे घेतो आणि ग्रामसभा झाली म्हणतो. वहीवर अंगठा देऊ नका. सभा भरल्याशिवाय अंगठा नाही, हे पक्कं धरा. जी यादी सभेत वाचली जाते तिच्यातून रात्रीत नाव गाळणं अवघड जातं. बंद दाराला याच्याएवढं दुसरं औषध नाही.

म्हणून आम्ही या शिबिरापुढे काही नियम ठेवतो. पटले तर आपापल्या गावात ठराव करा, नाही पटले तर बदला.

एक. साहेब असो की पुढारी, त्याला भेटायला कोणी एकट्याने जायचं नाही. कमीत कमी तिघं, त्यात एक तरी बाय. पुढारी म्हणाला की बाकीचे बाहेर थांबा, तर सगळ्यांनीच बाहेर यायचं. परत आल्यावर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पाड्यावर सगळ्यांना सांगायचं की काय बोलणं झालं, चहा कोणी पाजला, भाडं कोणी दिलं.

दोन. अस्सल कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही. दंडाची पावती, जुना एकसालीचा कागद, पंचनामा, सगळ्याची झेरॉक्स द्यायची आणि घेणाऱ्याकडून पोच घ्यायची. “पुढाऱ्यावर विश्वास नाही का?” असं कोणी विचारलं तर सांगायचं, “विश्वास आहे, म्हणून तर पोच मागतोय. विश्वासाचा माणूस पोच देतोच.”

तीन. मंचावर दिलेला शब्द वहीत लिहायचा. तारीख, गाव, शब्द काय, कोणासमोर. पुढच्या वेळी तो आला की भाषणाआधी ती वही वाचायची. आपल्यातल्या चौथी शिकलेल्या पोरीलाही हे काम जमेल. तिलाच द्या.

चार. पुढारी कसा आहे हे त्याच्या भाषणावरून ठरवू नका. त्याच्या शेतावरच्या मजुराला विचारा, मजुरी किती देतो, वेळेवर देतो का. त्याच्या घरी काम करणाऱ्या बाईला विचारा. ड्रायव्हरला विचारा. पण ऐकलेली एकेक गोष्ट लगेच खरी धरू नका. दोघा-तिघांकडून कळली, डोळ्यांनी दिसली, तरच सभेत बोला. कोणावर खोटा आळ घेतला तर आपणही बंद दारामागच्या लोकांसारखेच होऊ.

पाच. हा नियम आमच्यासाठी आहे. आम्ही कार्यकर्ते पण तुमच्या नावावर ऑफिसात जातो. आज आमच्यापाशी काही नाही, म्हणून चांगलं राहणं सोपं आहे. उद्या कोणी मोटारसायकल देऊ करील, कोणी तिकीट देऊ करील, तेव्हा आमचं काय होईल हे आज आम्हीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. शिबू सोरेन आमच्या वयाचे असताना त्यांनाही कोणी विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं? म्हणून आमच्यावर सोडू नका. वर्गणीची वही दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचून घ्या. आम्ही कोणाला भेटलो ते विचारा. आम्हाला राग आला तर समजा, काहीतरी बिघडलंय. वरून धड दिसणारा साग आतून पोकळ आहे का, हे आपण कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून, कान लावून बघतो. झाडाला त्याचा राग येत नाही. आम्हालाही तसंच ठोकून बघत जा.

एक शेवटचं. काही म्हातारी माणसं म्हणतात, “असं सारखं विचारत राहिलं तर कोण पुढारी आपल्याकडे येईल?” आम्हाला वाटतं, जो येईल तो कामाचा असेल. ज्याला विचारलेलं चालत नाही तो नाही आला तर आपलं काय जातं? निदान पावत्या तरी घरात राहतील.

ज्या पाड्याच्या पावत्या गेल्या, तिथल्या लोकांना नवीन पुरावे गोळा करायला हवेत. जुन्या माणसांचे जबाब, बांध-बांधोळ्या, लावलेली झाडं, पडीक घराचे जोते, दंड झाला तेव्हाची फॉरेस्टची रजिस्टरं. या कामाला पावसाआधीचे थोडेच दिवस उरलेत. आवण लावायला सुरुवात झाली की कोणाला वेळ मिळणार नाही. प्रत्येक गावातून दोन पोरं आणि दोन बाया या कामासाठी द्या. नावं आज इथेच सगळ्यांसमोर सांगा, वहीत लिहू.

जिंदाबाद!